डांबराचा समुद्र

सर,

समुद्राचा तळ कसा असतो ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. ‘पाहून ये आन मग मला सांग,’ असं तुम्ही वालूरच्या शाळेच्या व्हरांड्यात म्हणाला होतात. मी पाहून आले, पण तुम्ही थांबला नाहीत. त्याचा मला अजून राग आहे. तो आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मोकळेपणानं लिहिता येईल. आज लिहायला बसायचं कारण तुमची भिंत. व्हरांड्यातली, तुमच्या हातचा समुद्र असलेली. ती पुसायची की ठेवायची, हे यंदा माझ्यावर येऊन पडलं, आणि मी काय केलं ते तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

पण आधीपासून सांगते. इतक्या लोकांना मी तुमच्या गोष्टी सांगत आलेय की त्यातलं खरं किती आणि मी रंगवलेलं किती, हे एकदा मलाच तपासून घ्यायचंय. तुम्ही चित्रकलेचे सर. विज्ञानाच्या बाईंची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी येईना, आणि एक दिवस आठवीचं विज्ञान तुमच्या गळ्यात पडलं. चित्रकलेच्या माणसाला काय, वेळच वेळ, असं वरच्यांना वाटलं असणार. अजून डोळ्यांपुढं आहे: तुम्ही जास्वंदीची फांदी घेऊन वर्गात येता, ती टेबलावर ठेवता, खडू उचलता, परत ठेवता. म्हणता, ‘पोरांनो, मला विज्ञान येत न्हाई. मला बघता येतं आन काढता येतं. तुमी बी बघा, काढा. नावं पुस्तकात हायतच, ती कुठं पळून चाललीत?’ आम्हाला वाटलं, झालं, आता वर्षभर मजा. थोड्याच दिवसांत कळलं की पाठ करणं त्याहून फार सोपं होतं. पुस्तक न उघडता फुलाच्या आतलं काढायचं म्हणजे डोळे शिणेपर्यंत बघत बसावं लागतं. आणि तुम्ही मागून हळूच येऊन कागदावर बोट ठेवणार: ‘हे हितं खरंच हाय, का तुला निस्तं वाटायलंय?’ गावात कुरबूर सुरू झाली. माझ्या वडिलांनीच तुम्हाला बाजारात अडवलं. ‘सर, विज्ञानाच्या तासाला पोरगी फुलं काढायलीय म्हणं. डाक्टर हुईल का आशानं?’ तुम्ही हसत म्हणालात, ‘डाक्टरचं म्हायत न्हाई. नजर तेवढी चांगली ऱ्हाईल.’ वडील घरी येऊन दिवसभर धुसफुसत होते, आणि आई पदराआड हसत होती.

मग ती भिंत. व्हरांड्याच्या लांबलचक भिंतीवर पृथ्वीचा उभा छेद काढायचं तुमच्या डोक्यात आलं. एका टोकाला डोंगर, मग रान, मग नदी, मग समुद्र आणि समुद्राखाली तळ. डोंगर झाले, ज्वारीचं रान झालं, निळं पाणी झालं. तळाशी आल्यावर तुमचा हात थांबला. तळ सोडा, तुम्ही समुद्रच पाहिला नव्हता, आणि पुस्तकात तळ म्हणून होती नुसती एक वाकडी रेघ. न पाहिलेलं काढायचं नाही, हा नियम आम्हाला घालून देणारे तुम्हीच, तेव्हा आता सर काय करतात म्हणून आम्ही टपून बसलेलो. तुम्ही बरेच दिवस मधल्या सुट्टीत भिंतीपुढं नुसते उभे राहायचात. एका सकाळी चुन्यात काजळी कालवलीत आणि म्हणालात, ‘पाण्याखालची का हुईना, मातीच हाय ती. आन माती मी पाहिलीय.’ आणि समुद्राच्या तळाला तुम्ही उन्हाळ्यातल्या काळ्या रानाच्या भेगा काढायला घेतल्या. पाण्याखाली भेगा! सगळा जन्म परभणी जिल्ह्यात काढलेल्या माणसाला माती म्हटल्यावर दुसरं दिसणार तरी काय.

काजळीच्या भेगा तुम्हाला फिक्या वाटल्या. तेव्हा सेलूच्या रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं. मुकादमाला गाठून तुम्ही डबाभर डांबर मिळवलंत, डब्याच्या कडीत काठी घातलीत आणि काठीचं एक टोक माझ्या हातात दिलंत. रॉकेल घालून ते पातळ केलं, आणि तुम्ही कुंच्यानं एकेक भेग ओढत गेलात, वर रुंद, खाली निमुळती, अगदी रानातल्यासारखी. तुमचा पांढरा सदरा त्या दिवशी कामातून गेला. माझा उजवा तळहात डांबरानं भरला होता, आणि घरी चप्पल काढताना मी नेमकी दाराजवळच्या भिंतीला टेकले. सगळा पंजा उमटला. आईनं हातही धुतले आणि तोंडानंही मला धुतलं. त्या दिवाळीला तिनं पंजावर चुन्याचा जाड हात दिला. संक्रांतीच्या आत तो पिवळट तपकिरी होऊन पुन्हा वर आला. पुढच्या दिवाळीला पुन्हा चुना, पुन्हा पंजा. ‘मास्तराचं येड हाय हे, निघायचं न्हाई,’ ती म्हणायची. मी लग्न होऊन गाव सोडलं तेव्हाही तो दाराशी होताच.

भिंत पुरी झाली त्या दिवशी मी तोंड उघडलं. ‘सर, पाण्याखालची माती भेगाळंल कशी?’ पोरं खो खो हसली, मीही हसले. तुमचा चेहरा उतरला, आणि मग कडक झाला. इतके कडक तुम्ही कधी दिसला नव्हता. ‘तू पाहिलायस का तळ?’ मी नाही म्हणून मान हलवली. ‘मग हासायलीस कामून? मी बी न्हाई पाहिला. तू पाहून ये आन मग मला सांग. चूक निघाली तर तूच तुज्या हातानं पुस. तवर ही भिंत आशीच ऱ्हाईल.’ मला रडू फुटलं. घरी जाऊनही रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही काही न बोलता माझ्या बाकावर तुमचा एक बारीक ब्रश ठेवलात, निम्मे केस झडलेला. तो मी अजून जपून ठेवलाय. खरं सांगायचं तर रागावल्यावर माणसाशी कसं बोलायचं हे मी त्या ब्रशावरून शिकले, आणि ते मला अजून पुरतं जमत नाही.

पुढचं तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतंच. मी भूशास्त्र घेतलं, तिथून समुद्राकडं वळले. जहाजावरून लांब पोलादी नळी तळात सोडायची, ती गाळात घुसते, वर ओढून उभी चिरली की आत गाळाचे थर दिसतात, वरचा आताचा, खालचा फार जुना. त्यात रव्याच्या कणाएवढे शंख सापडतात. ओल्या बारीक ब्रशानं ते एकेक उचलायचे आणि त्यांच्यावरून जुने पाऊसकाळ ओळखायचे, हे माझं काम. बंगालच्या उपसागरात पहिली नळी चिरली तेव्हा मी ठरवलं होतं की किनाऱ्याला लागल्याबरोबर वालूरला यायचं आणि आधी तुमच्या घरी जायचं. बंदरावर उतरल्यावर भावाचा फोन आला. तुम्ही गेला होतात, माती होऊनही काही दिवस झाले होते. मी गावाला आलेच नाही तेव्हा. कुणाला सांगणार होते?

आता गेली काही वर्षं मी आणि नॉर्वेच्या एक रसायनशास्त्रज्ञ बाई मिळून एक अभ्यासक्रम चालवतो. निरनिराळ्या देशांची मुलं येतात, एक भौतिकशास्त्राचा, एक जीवशास्त्राची, एकजण तर मासेमारीचे कायदे शिकणारा. काही दिवस वर्गात, काही दिवस जहाजावर. प्रत्येकानं दुसऱ्याचं काम करायचं: लाटा मोजणाऱ्यानं शंख वेचायचे, शंखवालीनं पाण्यातले क्षार तपासायचे. गाळात हे सगळं एकमेकांत कालवलेलंच असतं आणि एका विषयाच्या माणसाला त्यातलं थोडंच दिसतं, एवढंच त्यामागचं कारण. मात्र दर खेपेला कुणीतरी मला विचारतंच, ‘मॅडम, तुम्ही नक्की कुठल्या विभागाच्या?’ तेव्हा तुमची फार आठवण येते. तुम्हीही शिक्षकांच्या खोलीत धड चित्रकलेच्या कपाटाजवळ बसत नव्हता, धड विज्ञानाच्या.

माझी एकच अट असते. पहिल्या दिवशी कुठलंही यंत्र लावायचं नाही. चिरलेली नळी पुढं ठेवायची आणि जे दिसतं ते काढायचं. नॉर्वेच्या बाईंना हे पहिल्यापासून पटत नव्हतं. ‘फोटो आहेत की! आपण शास्त्रज्ञ घडवतोय का चित्रकार?’ मी म्हटलं, फोटो काढताना बघावं लागत नाही. आमची यावरून चांगलीच जुंपायची. मागच्या सफरीत एका मुलाकडून एक अर्धी नळी झाकायची राहिली. गाळ वाळला, आणि त्याला भेगा पडल्या. बाई संतापल्या, तो मुलगा रडकुंडीला आला, आणि मी त्या वाळल्या गाळाकडं बघून हसायला लागले. वर रुंद, खाली निमुळत्या. सर, तुमची भिंत माझ्यापुढं टेबलावर पडली होती. बाईंनी रागानं विचारलं, ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ तेव्हा मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं, पहिल्यांदाच. त्या गाळाच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या, आणि त्यात आपल्या काळ्या मातीची खूण स्पष्ट होती. आपल्याकडचं पाणी दुधनेतून पूर्णेत, पूर्णेतून गोदावरीत जातं, आणि गोदावरी माती घेऊन समुद्रात उतरते. बाईंनी तपासणीचे आकडे पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, ‘मग ही माती निघते कुठून, ते मुलांना दाखवायला नको?’ अशा रीतीनं यंदाच्या अभ्यासक्रमात वालूर आलं. पण तुम्ही फुशारून जाऊ नका. तुम्ही ओळखलं होतं असं मी म्हणत नाही. पाण्याखाली भेगा नसतात ते नसतातच.

आम्ही येणार हे कळल्यावर शाळेच्या आताच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. माणूस धडपड्या आहे, शाळेवर जीव आहे त्यांचा. म्हणाले, ‘म्याडम, परदेशातले पाव्हणे यायलेत, आन आपल्या भिंतीवर समुद्राला भेगा! कसं दिसंल ते? आन पाव्हण्यांचं जाऊ द्या, लेकरं रोज चुकीचं बघायलीत. मी चुना मारून घेतो म्हणलं, तर जुनी माणसं आडवी यायलीत, सरांची भिंत हाय म्हणून. तुमी एकदा हो म्हणा. तुमच्या शब्दापुढं कोणी बोलायचं न्हाई.’

मी दोन दिवस मागितले आणि ते दोन दिवस फार वाईट गेले. तुमचं आता गावात काही उरलेलं नाही. घर मुलानं विकलं, चित्रं कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. ती भिंत सोडली तर तुम्ही होता याची खूण नाही, आणि पुसा म्हणायचं ते मीच. वर त्या मुख्याध्यापकांचं चूक होतं का? मुळीच नाही. तुमच्या भिंतीसमोर बसून डबा खाणारी लेकरं समुद्राचा तळ वाळलेला असतो असं समजून मोठी होतायत. तुमच्यावर माझा जीव आहे म्हणून तुमच्या चुकीवरही माया करायची, हे तुम्हालाच खपलं नसतं. फळ्यावर चुकलं की तुम्ही बाहीनं पुसायचात, डस्टर शोधायलाही थांबायचा नाहीत. आणि तुम्ही सांगूनच ठेवलं होतं, चूक निघाली तर तूच पुस. तिसऱ्या दिवशी मी फोन करून सांगितलं, पुसा. वर थोडं भाषणही दिलं, की सरांचीच तशी इच्छा होती, विज्ञानात कुणाचीही चूक जपून ठेवायची नसते. मुख्याध्यापकांनी दोनदा आभार मानले. मी फोन ठेवला, आणि कपाटातून तुमचा ब्रश काढून नुसता हातात धरून बसले.

जानेवारीत आम्ही आलो. ज्वारी हुरड्यात होती. आधी रानात गेलो. ओल उडून रानाला भेगा पडायला लागल्या होत्या, आणि आमच्यातल्या बांगलादेशच्या एका मुलीनं असली फाटलेली जमीन जन्मात पाहिली नव्हती. ती खाली बसली आणि एका भेगेत कोपरापर्यंत हात घातला. रानाचे मालक बांधावरून ओरडले, ‘ओ बाई, हात काढा! इच्चूकाट्याचं काय सांगावं!’ मी तिला ते समजावून सांगेपर्यंत तिनं तळाचं एक ओलं ढेकूळ वर काढलं होतं. ‘खाली अजून ओल आहे,’ ती म्हणाली, आणि तिथंच बांधावर बसून तिनं ती भेग कागदावर काढायला घेतली. नॉर्वेच्या बाईही तिच्याशेजारी बसल्या आणि त्यांनीही कागद मागून घेतला. जिंकल्यावर गप्प बसावं एवढी अक्कल मला आलीय.

शाळेत पोचलो तर मुख्याध्यापक फाटकातच घामाघूम. शेजारी रंगारी मान खाली घालून. ‘म्याडम, काय सांगू,’ मुख्याध्यापक म्हणाले, ‘हातावर हात दिले चुन्याचे. डोंगर गेले, पाणी गेलं, तळाची काजळी गेली. पण ते...’ व्हरांड्यात पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, खालच्या अंगाला, तपकिरी होऊन एकेक भेग वर आली होती. दुसरं काहीच नाही, नुसत्या भेगा. रंगारी म्हणाला, ‘डांबर हाय ते, बाई. किती बी चुना मारा, ते वर येतच ऱ्हातंय. मला आदी कोणी सांगितलंच न्हाई.’ मी अरेरे म्हटलं. तोवर नॉर्वेच्या बाई भिंतीला नाक लावून उभ्या होत्या. त्यांनी फोनमधला त्या वाळलेल्या नळीचा फोटो शोधला, तो फोन भिंतीवर एका भेगेशेजारी धरला आणि माझ्याकडं वळून पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. माझे तर कधीचे.

मग उरलेली भिंत शाळेतल्या लेकरांना आणि आमच्या मुलांना वाटून दिली. ज्यानं जे पाहिलंय तेच काढायचं. आमच्यातल्या एकानं सूक्ष्मदर्शकात पाहिलेला शंख डोकं बसेल एवढा मोठा काढला, सहावीतल्या दोघी बहिणींनी दुधनेचं पात्र काढलं, आणि त्यात म्हशी. बांगलादेशच्या मुलीनं रानातली भेग काढली, आणि तिच्या तळाशी ओल दाखवायला निळा रंग दिला. तुमच्या भेगांना कुणी हात लावला नाही, पण त्या आता समुद्राखाली नाहीत. लेकरांनी त्यांच्या वर ज्वारी काढली आणि त्या रानात आल्या, जिथं त्या मुळात होत्या. समुद्र पलीकडच्या टोकाला सरकलाय. त्याचा तळ मी काढला, तुमच्याच ब्रशानं, निम्मे केस होते तेवढ्यांनी. एका लहान मुलीनं विचारलं, ‘तुमी पाहिलाय का खरंच?’ मी म्हटलं, नळीतून वर आला तेवढाच पाहिलाय, बाकीचा अजून कुणीच धड पाहिलेला नाही. म्हणून तेवढाच तुकडा काढला आणि पुढची जागा कोरी सोडली.

तर सर, तळ असा असतो: थंडगार, मऊ, कालवलेल्या कणकेसारखा. रंग काळसर करडा, मधूनच हिरवट झाक. नळी चिरल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो. चिमूट बोटांत चोळली तर शंख रव्यासारखे लागतात. भेगा नसतात. सांगितलं.

हे पत्र टाकायला आता तुमचा पत्ता नाही, आणि ते एका परीनं बरंच आहे. चुकून मुख्याध्यापकांच्या हाती लागलं तर ते उद्याच रंगाऱ्याला तेलरंग आणायला पाठवतील. त्या दिवशी निरोपाच्या भाषणात त्यांनी माझं फार कौतुक केलं, की बाईंनी भावनेत न अडकता पुसा म्हणून सांगितलं. गावातल्या जुन्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. सर, मी पुसा म्हणाले तेव्हा आमच्या दाराजवळचा पंजा मला आठवत होता.